धोडी मॅडमचा अंगठा

धोडी मॅडम गेल्याचं कळलं तेव्हा मी लॅबमध्ये ब्यूरेट धूत होते. आमचा शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, गणिताच्या मॅडम गेल्या. सकाळी अंगणात तोंड धुता धुता पडल्या." मी म्हटलं, "बरं." मग राहिलेल्या सात ब्यूरेट धुतल्या, स्टँडला उलट्या लावल्या, हात पुसले. अकरावीची बॅच आली, तिच्याकडून टायट्रेशन करून घेतलं. गुलाबी रंग टिकला की थांबायचं, हे त्यांना नेहमीच्याच आवाजात सांगितलं. घरी जाऊन भात लावला. रडूबिडू काही आलं नाही. अजूनही आलेलं नाही, आणि याचीच मला थोडी भीती वाटते.

आता कॉलेजच्या अंकासाठी त्यांच्यावर चार शब्द लिहा म्हणून माझ्या मागे लागलेत. सगळ्या स्टाफमध्ये त्यांच्याशी बोलणारी मीच होते म्हणे. बोलणारी कसली, मी बडबडायचे आणि त्या ऐकायच्या. चार शब्दांत आटोपणारं हे प्रकरण नाही, हे लिहायला बसल्यावर कळलं.

त्या वेवजीच्या. म्हणजे अगदी गुजरातच्या कुंपणाला लागून. तिथून दोन वाहनं बदलून डहाणूला यायच्या आणि तरीही आमच्याआधी हजर. मी चिकूवाडीवाल्यांच्या घरातली, कॉलेजपासून वीस मिनिटांवर राहते, आणि बावीस वर्षांत एकदाही घंटेच्या आधी पोचलेले नाही. कॉटनची साडी, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम आणि तिच्यात एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा. पहिल्या दिवशी मला वाटलं, खायला आणलंय. मी आपला हात पुढे केला. आत फोडलेले चिंचोके निघाले! एक बाजू तपकिरी, एक पांढरी. आम्ही लहानपणी सोंगट्यांच्या खेळात फासे म्हणून टाकायचो तसले.

"हे हो कशाला?"

"माझी पीएच.डी. आहे ती," म्हणाल्या.

मी हसले. त्या हसल्या नाहीत. नंतर कळलं की खरंच होती.

त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं. काहीही सांगितलं की शेवटी म्हणायच्या, "पटलं का? नाही पटलं तर पुन्हा विचारा." वर्गातच नाही, सगळीकडे. कँटीनवाल्याला म्हणायच्या, "चहा दोनच घेतलेत. पटलं का?" पोरांनी त्यांचं नाव 'पुन्हाविचारा मॅडम' पाडलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि आवडायचंसुद्धा. एकदा मला म्हणाल्या, "राऊतबाई, लोक एकदा विचारतात आणि आयुष्यभराचा विश्वास ठेवतात. नाहीतर आयुष्यभराचा संशय घेतात. पुन्हा कुणी विचारतच नाही."

आणि तऱ्हा पाहावी तर त्यांचीच. स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या कपाटांना कुलपं, यांचं कपाट सताड उघडं. मी म्हटलं, अहो, पेपर चोरतील पोरं. तर म्हणाल्या, "माणसाने गुपित एकच ठेवावं, आणि ते कपाटात मावणारं नसावं."

गंजाडच्या वनिताची गोष्ट सांगते. बारावीची परीक्षा, आणि ही पोरगी हॉलतिकीट घरी विसरलेली. सुपरवायझर बाहेरचे, त्यांचंही काही चुकत नव्हतं. ते म्हणाले, ही वनिताच कशावरून? पोरगी भिंतीला टेकून उभी होती. धोडी मॅडम आल्या. वाद नाही, आवाज चढवणं नाही. त्यांनी वनिताला विचारलं, "सहामाहीच्या पेपरात चौथ्या गणितात तू काय चुकलीस?" पोरीने रडत रडत सांगितलं, उणेचं चिन्ह कंसाबाहेर काढताना आतली दुसरी संख्या तशीच ठेवली. "आणि सातव्यात?" तेही सांगितलं. मॅडमनी कपाटातून जुन्या पेपरांचा गठ्ठा आणून सुपरवायझरसमोर उघडला. दोन्ही चुका जशाच्या तशा.

"हॉलतिकीट चोरता येतं साहेब," मॅडम म्हणाल्या, "पण स्वतःची चूक कोण चोरणार? ती ज्याची त्याची असते. पटलं का? नाही तर अजून एक विचारते." साहेबांनी हसत हसत पोरीला आत सोडलं आणि तिकीट दुपारपर्यंत मागवून घेतलं.

चूक हा त्यांचा आवडता विषय. संशोधनच त्यावर. मला गणित कळत नाही, मी रसायनवाली, तरी त्यांनी चिंचोके मांडून माझ्या डोक्यात जेवढं घातलं तेवढं सांगते. एखादा निरोप लांबून पाठवायचा झाला तर वाटेत त्यात चुका होणारच. म्हणून पाठवतानाच त्यात थोड्या जादा खुणा गुंफायच्या, म्हणजे चार-दोन ठिकाणी बिघडलं तरी मूळ निरोप काय होता ते घेणाऱ्याला काढता येतं. त्याला कोड म्हणतात. फोन, सीडी, उपग्रह, सगळं त्याच्यावर चालतं. त्या फळ्यावर शून्य-एकची लांब ओळ लिहायच्या, पाठ करून उभ्या राहायच्या आणि पोरांना म्हणायच्या, "बदला कुठलेही तीन." पोरं बदलायची. मॅडम वळून तिन्हीवर बोट ठेवायच्या. वर्गात शिट्ट्या!

पण चुका फार झाल्या, आणि खुणा कुठल्या ढंगाने गुंफल्यात ते ठाऊक नसलं, तर मूळ शोधणं मरणाचं अवघड. मोठमोठी यंत्रंही हात टेकतात. त्यांचं काम इथून सुरू व्हायचं. हे जे अवघड, त्याचाच उपयोग माणसाने आपली ओळख पटवायला करायचा. माझ्याकडे चिंचोक्यांची एक लांब ओळ आहे, त्यात पांढरे अगदी थोडे. ती माझं गुपित. त्या ओळीवरून केलेल्या काही बेरजा, म्हणजे या गटात पांढरे सम की विषम, त्या गटात किती, एवढं सगळ्या गावाला माहीत. बेरजांवरून ओळ कुणाला सापडत नाही. आता मी दारात येऊन म्हणते, मी सुनंदा धोडी, ओळ माझ्याकडे आहे. तुम्ही म्हणता, दाखव. दाखवली तर गुपित गेलं, उद्या तुम्हीच सुनंदा धोडी म्हणून मिरवाल. मग पटवायचं कसं?

"तीन वाट्या," त्या म्हणायच्या. आपली ओळ पिसायची, तिच्यात एक ऐनवेळची भलतीच ओळ मिसळायची, आणि त्याचे तुकडे तीन वाट्यांखाली झाकायचे. समोरच्याने सांगायचं, कुठल्या दोन उघडू. दोन उघडल्या की त्यांचा मेळ बसतो का ते तो तपासणार. तिसरी बंदच राहणार, म्हणून गुपित कळणार नाही. ज्याच्याकडे गुपितच नाही तो लबाड काय करेल? तो दोन जोड्या जुळवून ठेवू शकतो, तिसरी जोडी काही केल्या जुळत नाही. कुठली विचारतील ते त्याला आधी माहीत नसतं. एखाद्या खेपेला सुटेल, दुसऱ्यांदा सुटेल, तीस-चाळीस वेळा विचारलं की लबाड पकडला जाणारच. आणि खरा माणूस शंभरदा विचारा, शंभरदा उभा.

"फक्त एक पथ्य आहे," त्या बोट वर करून म्हणायच्या. "दर खेपेला नव्याने पिसायचं. एकदा वापरलेलं झाकण दुसऱ्यांदा वापरलं की मेलात."

हा खेळ त्यांनी कुणाला शिकवला असेल? आईला. नाव बारकी, आम्ही बारकी आई म्हणायचो. वय विचाराल तर "लय झाली" एवढंच उत्तर. कपाळावर, हनुवटीवर, हातभर हिरवं गोंदण. अक्षराशी गाठ नाही, पण वाट्यांचा खेळ तिला झोपेतून उठवून विचारा. मी पहिल्यांदा वेवजीला गेले तेव्हा म्हातारीने मला ओट्यावर बसवलं आणि तीन वाट्या पुढे सरकवल्या. मॅडमनी मला कानात सांगितलं, "तुम्ही लबाड व्हा." गुपिताची ओळ मला दिलीच नव्हती. मी मोठ्या हुशारीने दोन जोड्या जुळवल्या. पहिल्या खेपेला सुटले, दुसऱ्या खेपेलाही सुटले. तिसऱ्या खेपेला म्हातारी वाट्यांकडे बघेचना, माझ्या तोंडाकडे बघत बसली, मग नेमकी नको ती जोडी उघडायला लावली.

"पकडली!" टाळी वाजवून म्हणाली. "बाय, तुला लपवता येत नाय."

मॅडम हसून लोळत होत्या. त्यांना एवढं हसताना मी तेवढंच पाहिलं.

म्हातारीचं आयुष्य आमच्यासारख्यांच्या वाड्यांत गेलं. पावसाळ्यात लावणी, दिवाळीनंतर गवत कापणं, उरलेलं वर्ष किनाऱ्याकडे चिकू. चिकू नुसता तोडून चालत नाही. धुऊन, गोणपाटावर चोळून त्याची कोंडेरी साल गुळगुळीत करायची, तरच बाजारात भाव. ते चोळायचं काम बायकांचं. चाळीस वर्षं चोळल्यावर बोटांवर रेघा कसल्या राहतात? म्हातारीचा अंगठा हातात घेतलात तर काचेच्या गोळीसारखा लागायचा. त्यातली काही वर्षं आमच्याच वाडीत गेली असतील. मी विचारलं नाही आणि त्या दोघींनीही कधी सांगितलं नाही.

तर सगळं रामायण घडलं ते या अंगठ्यावरून.

रेशनच्या दुकानात मशीन आली. अंगठा टेकवा, हिरवा दिवा लागला की धान्य. बारकी आईचा दिवा लागेना. दुकानदार भला माणूस, जयंतीभाई. बोलणं अर्धं गुजराती, अर्धं मराठी. "मावशी, लुगड्याला पुसून टेकवा. जरा दाबून. अरे, नथी आवतो, ठसा येतच नाही." कधी पाचव्या खेपेला लागायचा, कधी दिवसभर नाहीच. मॅडम रजा काढून आईबरोबर जायच्या. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, तुमचा पगार आहे, त्या दहा-पंधरा किलोंवाचून काय अडलंय?" तेव्हा मॅडम पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या. म्हणाल्या, "तिला मीही तेच म्हटलं होतं. ती म्हणाली, सुनी, खाते मी तुझंच. पण साऱ्या सरकारात माझं नाव एका त्या कार्डावर हाय. बापाने लिवलं नाय, शाळेत लिवलं नाय, नवऱ्याच्या जमिनीवर लिवलं नाय. ता मी पुसू देणार नाय."

 

मग फर्मान आलं की ठरावीक तारखेच्या आत प्रत्येकाने पुन्हा एकदा ठसे देऊन ओळख नवी करून घ्यायची, नाही केली तर नाव कमी. वेवजीला शाळेच्या व्हरांड्यात कँप लागला. दहाही बोटं झाली, एकही उमटेना. डोळे बघायचे तर दोन्हीकडे मोतीबिंदू. मागे रांग, लोक ओरडतायत, शेवटचा दिवस. मशीनवरची बाई स्वतःच घामाघूम झालेली. प्लग सैल झाला म्हणून ती टेबलाखाली वाकली. आणि त्या एवढ्याशा वेळात धोडी मॅडमनी आईचा हात बाजूला केला आणि काचेवर आपला अंगठा टेकवला.

हिरवा दिवा.

हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी म्हटलं, "बरं केलंत! एवढी शहाणी मशीन, लागला ना दिवा?" खरंच म्हटलं असं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मॅडम डबा उघडून चिंचोके मोजत बसल्या. त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही.

दोन-तीन महिने सगळं सुरळीत चाललं. दुकानात आईच्या नावावर लेकीचा अंगठा, जयंतीभाई दुसरीकडे बघायचे. आणि मग व्हायचं ते झालं. मॅडमचा अंगठा त्यांच्या स्वतःच्या नावावर आधीपासून होताच. कुठेतरी, कुठल्या तरी यंत्राने दोन्ही ठसे शेजारी ठेवले. एकच अंगठा, दोन नावं. जुनं खरं, नवं बोगस. बारकी जान्या धोडी, नाव स्थगित.

मला वाटलं होतं की त्या यंत्राला शिव्या घालतील. छे. स्टाफरूममध्ये माझ्यासमोर बसून, एखाद्या पोराची वही तपासावी तशा आवाजात म्हणाल्या, "राऊतबाई, पंधरा वर्षं मी पोरांना सांगतेय, एक झाकण दोनदा वापरायचं नाही. मी वापरलं. ही चूक अडाणी माणूस करणार नाही. ज्याला काहीच माहीत नाही तो घाबरून थांबेल. मला वाटलं, मला हे खातं कळतं."

"अहो, पण तुम्ही आईसाठीच केलंत ना?"

"आईबद्दल मी काय पटवलं? काहीच नाही. मी सुनंदा आहे एवढंच पटवलं, तेही आईचं नाव सांगून. त्या मशीनला चुका सोसत नाहीत हा तिचा दोष. पण खोटं मी बोलले. आता कागदावर मी खरी आणि ती बोगस. जन्म दिला तिने, आणि नक्कल तीच!"

त्यांचे हात टेबलावर सपाट पडलेले होते. डोळे कोरडे. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि ते मी तोंडावर न आणता चहा मागवला.

आमचे उपप्राचार्य चांगल्या मनाचे, व्यवहारी. त्यांनी सल्ला दिला, "मॅडम, अर्जात लिहा, मशीन चालवणारीकडून गफलत झाली. कुणालाही पटेल. प्रकरण मिटेल." मीही तेच म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "तिची नोकरी रोजावर आहे." आणि त्यांनी अर्ज लिहिला. मी तो वाचलाय, पाठ आहे. "माझ्या आईच्या जागी मी स्वतःचा अंगठा दिला. मशीनची किंवा मशीन चालवणाऱ्या बाईंची चूक नाही. आई हयात आहे, आणि ती तीच आहे. तिचं नाव परत घ्यावं. माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी." खाली सही, आणि न मागता कॉलेजचा पत्ता.

"सुनंदाबाई, नोकरी जाईल हो!" मी ओरडलेच. मॅडमना नावाने हाक मारली ती तेवढीच.

"गेली तर गेली. नाव तिचं गेलंय."

पीएच.डी.ची तोंडी परीक्षा त्याच काळात आली. मार्गदर्शक म्हणाले, पुढे ढकला. ढकलली नाही. मी बरोबर गेले, मागच्या खुर्चीवर बसले. त्यांनी तास-दीड तास फळ्यावर लिहिलं, मला त्यातलं 'तीन' तेवढं कळलं. शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, "तुमच्या पद्धतीत, माणसाने आपलं गुपित आपण होऊन दुसऱ्याला दिलं तर? तो दुसरा याच्या नावाने आत येईल. ते तुम्ही कसं अडवणार?"

मॅडमनी खडू खाली ठेवला.  

"नाही अडवता येत," त्या म्हणाल्या. "गणिताला माणूस दिसत नाही, गुपित दिसतं. ज्याने दिलं त्याने आपण होऊन दिलं की त्याच्या हातून काढून घेतलं, हेही दिसत नाही. माझ्या प्रबंधात हे लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं. मी एक पान जोडते."

परीक्षक बाई म्हणाल्या, "जोडा." आणि पदवी दिली. परत येताना गाडीत मी पेढ्यांचा पुडा उघडला. त्यांनी एक घेतला, हातात धरला आणि तलासरी येईपर्यंत तसाच धरून बसल्या. शेवटी मीच तो काढून घेतला.

मग चौकशी आली. तालुक्याहून एक साहेब वेवजीला आले. बरे होते हो. ओट्यावर मांडी घालून बसले, पाणी प्यायले, शेजारचे चार पंच बोलावले. हीच बारकी का? हीच. किती वर्षं ओळखता? आमच्या जन्मापासून. साहेबांनी म्हातारीच्या हातावरचं, कपाळावरचं गोंदण कागदावर उतरवून घेतलं, ठिपका न् ठिपका. मग त्यांनी तिला विचारलं, "आजी, तुमच्या मुलीने लिहिलंय की तिने तुमच्या नावावर स्वतःचा अंगठा दिला. तुम्हाला हे माहीत होतं?"

मॅडम पटकन म्हणाल्या, "नाही. तिला दिसत नाही नीट."

"तू गप," म्हातारी म्हणाली. "साहेब, माना दिसला. मोतीबिंदू डोळ्यात हाय, माझा हात कुणी सारला ता हाताला कळतंच. मी बोलली नाय. नाव राहील असा माना पण वाटला. गुन्हा लिवायचा तर दोघींचा लिवा. मग तरी माझं नाव लिवाल ना?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. पंचांमधला एक जण उठून गोठ्याकडे गेला. मी ओट्याच्या कडेला बसून बोटाने सारवण उकरत होते, एवढंच मला आठवतं.

मॅडमना लेखी तंबी मिळाली, नोकरी राहिली. आईच्या नावाचं मात्र काही कळेना. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मॅडम दर आठवड्याला जाऊन विचारून यायच्या. परत आल्या की मी नुसती मान हलवून विचारायचे, त्या नुसती मान हलवून नाही म्हणायच्या. वर्गात शिकवायच्या, पेपर तपासायच्या, "पटलं का?" मात्र बंद झालं. पोरांनाही ते जाणवलं. एका पोरीने मला विचारलं, "बाई, मॅडमना काय झालंय?" काय सांगणार? काही झालेलं नव्हतं. त्या रोज येत होत्या आणि रोज जात होत्या.

त्या गेल्यावर मी वेवजीला दोनदा जाऊन आले. म्हातारी ओट्यावर बसलेली असते. मी शेजारी बसते. आता कार्डावर तिच्या बदली अंगठा द्यायला पुतण्याचं नाव लावायचं चाललंय, त्याचा अर्ज मीच भरला. आम्ही दोघीही रडत नाही. ती मला पाणी देते, मी पिते.

पण मला लिहायचंय ते त्याआधीचं. मॅडमना मी शेवटचं धड असं पाहिलं तो दिवस. त्यानंतर त्या तीन आठवडे कॉलेजात येत होत्या, दिसत होत्या, पण ते दिसणं माझ्या लक्षात राहिलेलं नाही.

शनिवारी दुपारी त्यांचा फोन आला. "राऊतबाई, गाडी आहे का? आईला दुकानात न्यायचंय. नाव आलं म्हणतात." मी तशीच निघाले. आम्ही तिघी जयंतीभाईंच्या दुकानात उभ्या. त्यांनी यादी काढली, बोट फिरवलं, आणि चेहरा खुलला. "आलं मावशी! बारकी जान्या धोडी!" म्हातारीने अंगठा टेकवला. नाही. पुसून टेकवला. नाही. जयंतीभाई म्हणाले, "आता चिंता नको. आता म्हाताऱ्या माणसांसाठी सोय हाय. साहेबांनी तुमच्या बदली मॅडमचं नाव लावून दिलंय, रीतसर. ही पाहा, दोन्ही नावं एकाखाली एक. मॅडम, तुमचा अंगठा लावा. आता कायद्यात बसतं."

मॅडम हलल्या नाहीत.

"लावा ना, मॅडम."

त्यांनी उजवा हात पदरात घेतला होता. घट्ट, मूठ वळून. मी म्हटलं, "अहो, सरकारच म्हणतंय लावा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मी त्यांना दिसत होते असं वाटलं नाही. मागे माणसं जमली होती. सगळ्या गावाला ठाऊकच होतं. त्यांच्या ओठांवर घाम आला होता आणि त्या अगदी हळू म्हणत होत्या, "नको. परत पुसतील. नको."

म्हातारीने चाचपडत लेकीचा पदर धरला, त्यातून हात बाहेर काढला, मूठ उघडली. एकेक बोट उलगडून उघडली. लहान पोराच्या हातातली वस्तू काढून घेतात तशी. अंगठा आपल्या चिमटीत धरला.

"तेवा तू चोरून लावलास," ती म्हणाली. "आता मी देते, म्हणून लाव."

आणि तिने तो अंगठा स्वतः काचेवर टेकवला. वरून आपला गुळगुळीत अंगठा दाबून धरला.

दिवा लागला. मशीनने कर्रकर्र करत चिठ्ठी काढली. जयंतीभाईंनी ती म्हातारीच्या हातात दिली. तिने ती डोळ्यांजवळ नेली, उलटी होती, सुलटी केली तरी तिला काय दिसणार? तिने ती मॅडमपुढे धरली.

"सुनी, हाय का?"

मॅडमनी चिठ्ठी वाचली. एकदा वाचली, पुन्हा वाचली. मग त्या तिथेच, गोण्यांच्या थप्पीला टेकून, मोठ्याने रडायला लागल्या. एवढ्या लोकांसमोर, तोंडावर हातही न घेता.

"हाय, आये," त्या म्हणाल्या. "तुझंच हाय."

"मंग पिशवी धर," म्हातारी म्हणाली.